जुनं यंत्र, नवी विंडोज: दवाखान्यातल्या यंत्रांचा इतिहास आणि आपले रिपोर्ट

"डॉक्टर, या मशिनवर अजून जुनीच विंडोज दिसते. मग रिपोर्ट बरोबर येईल ना?" रुग्णांबरोबर येणारी तरुण मुलं हल्ली हा प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. घरोघरी, दुकानांत आणि शाळांत "आता हा कॉम्प्युटर टाकून द्यायचा का?" अशी चर्चा सुरू झाली. दवाखान्यांतही तीच चर्चा आहे. फरक एवढाच, की आमच्याकडे कॉम्प्युटरच्या मागे लाखो रुपयांचं यंत्र जोडलेलं असतं आणि त्या यंत्रापुढे माणूस झोपलेला असतो.

जुनं यंत्र नव्या ऑपरेटिंग सिस्टीमशी जुळवून घेण्याची ही अडचण आजची नाही. वैद्यकशास्त्रात संगणक आला, त्यानंतर थोड्याच वर्षांत ती सुरू झाली. तिचा इतिहास समजला, तर वरच्या प्रश्नाचं उत्तर सापडतं आणि आपले जुने रिपोर्ट कसे जपायचे तेही कळतं.

आधी दोन शब्द समजून घेऊ

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणारा मूळ प्रोग्रॅम. विंडोज ही त्यातली एक. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि बाहेरून जोडलेलं यंत्र यांच्यातला दुभाषा.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. अकोले तालुक्यातल्या डोंगरातून एखादी ठाकर आजी मोठ्या रुग्णालयात येते. परराज्यातून आलेल्या निवासी डॉक्टरला तिची बोली कळत नाही आणि तिला त्याची हिंदी कळत नाही. मग वॉर्डातली मावशी मधे उभी राहते आणि दोघांचं बोलणं जुळवून देते. ही मावशी म्हणजे ड्रायव्हर. उद्या डॉक्टर बदलला आणि नव्या डॉक्टरची भाषा मावशीलाही येत नसली, तर आजीचं दुखणं तिथेच राहतं. आजीत काही बिघडलेलं नसतं, डॉक्टरही हुशार असतो, फक्त मधला माणूस तुटलेला असतो.

नवी विंडोज आल्यावर जुनं यंत्र "बंद पडतं" तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. यंत्र धडधाकट असतं. त्याच्यासाठी नवा ड्रायव्हर कोणी लिहिलेला नसतो.

संगणक नव्हता तेव्हा

८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले. त्यानंतर सुमारे पाऊण शतक एक्स-रे यंत्रात संगणक नव्हता. विजेचा दाब, ट्यूब, फिल्म आणि अंधाऱ्या खोलीतली रसायनं एवढ्यावर काम चाले. ईसीजी, रक्तदाबाचं यंत्र, सूक्ष्मदर्शक यांचीही तीच गोष्ट. यंत्र बिघडलं, तर तारा, फ्यूज आणि ट्यूब बदलणारा कारागीर पुरत असे. "या वर्षानंतर हे यंत्र चालणार नाही" असं ठरवणारी दूरची कंपनी नव्हती.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, फारसं शिक्षण नसलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. वजनाचा काटा, नोंदवही आणि शिकलेले डोळे ही त्या कामाची हत्यारं होती. ती आजही चालतात. पण मेंदूतली गाठ नोंदवहीने दिसत नाही. त्यासाठी संगणक लागला, आणि तो जामखेडच्या प्रकल्पानंतर पुढच्याच वर्षी या कामाला लागला.

१९७१: चित्र टेपवरून गेलं

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात पहिल्यांदा एका रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे डॉक्टर नव्हते, ईएमआय कंपनीत काम करणारे अभियंते होते. डोक्याभोवती फिरत क्ष-किरणांची मोजमापं घ्यायची आणि गणिताने त्यांतून आडवा छेद उभा करायचा, अशी त्यांची कल्पना. हे गणित हाताने करणं अशक्य होतं आणि रुग्णालयात तेवढा मोठा संगणक नव्हता. म्हणून मोजमापं चुंबकीय टेपवर भरून शहराच्या दुसऱ्या भागातल्या संगणकाकडे नेली गेली. चित्र तयार झालं ते तिकडे. ते होतं अवघं ८० बाय ८० चौकटींचं. आजच्या साध्या मोबाइलचा फोटो त्याच्या शेकडो पट बारीक असतो. तरी त्यात रुग्णाच्या मेंदूतली गाठ दिसली. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना नोबेल मिळालं.

त्या दिवसापासून वैद्यकीय यंत्राचे दोन भाग झाले. एक शरीर: ट्यूब, टेबल, चुंबक, प्रोब. दुसरा मेंदू: संगणक. शरीर नीट निगा राखली तर पंधरा-वीस वर्षं चालतं. मेंदूचं आयुष्य मात्र ऑपरेटिंग सिस्टीम विकणारी कंपनी ठरवते, आणि ते साधारण दहा वर्षांचं असतं. पुढच्या सगळ्या कटकटीचं मूळ या दोन वयांच्या फरकात आहे.

पन्नास पिनांचा प्लग

सुरुवातीला प्रत्येक कंपनीच्या यंत्राची भाषा वेगळी होती. एका कंपनीच्या सीटीचं चित्र दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावर उघडत नसे. यंत्र बदललं की जुनी चित्रं गेली. अमेरिकेतली रेडिओलॉजिस्टांची संघटना आणि विद्युत उपकरणं बनवणाऱ्यांची संघटना एकत्र बसली आणि १९८५ मध्ये त्यांनी एक सामायिक पद्धत ठरवली. तिच्यात पन्नास पिनांचा एक खास प्लगही होता. यंत्रं एकमेकांना जोडायची ती या प्लगने.

तो प्लग फार टिकला नाही, कारण संगणकांची जाळी आली. १९९३ मध्ये या पद्धतीची तिसरी आवृत्ती आली. तिचं नाव डायकॉम. तिने विशिष्ट प्लगचा हट्ट सोडला. चित्र कसं लिहायचं आणि रुग्णाचं नाव, तारीख, मोजमापं त्याच फाइलमध्ये कुठे ठेवायची याचे नियम तिने ठरवले. तार कुठलीही असो, विंडोज कुठलीही असो. तेव्हा लिहिलेली डायकॉम फाइल आजही उघडते. ती बनवणारं यंत्र मात्र केव्हाच भंगारात गेलेलं असू शकतं.

पुण्यात घडलेलं तसंच उदाहरण

हीच गोष्ट मराठी भाषेच्या बाबतीत आपल्याच राज्यात घडली आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम पुढे नेत तिथे 'जिस्ट' नावाचं कार्ड तयार झालं. संगणक उघडायचा, आतल्या खाचेत हे कार्ड बसवायचं, की डॉसच्या इंग्रजी पडद्यावर देवनागरी उमटे. त्या काळात ही मोठी सोय होती.

पुढे डॉस मागे पडलं, विंडोज आली. जुन्या खाचाही मदरबोर्डवरून नाहीशा झाल्या. कार्ड धडधाकट असूनही निरुपयोगी झालं. पण त्या कार्डाने साठवलेला मजकूर वाया गेला नाही. कारण तो 'इस्की' या ठरलेल्या संकेतात लिहिलेला होता. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये त्याला राष्ट्रीय मानक केलं, आणि आज आपण मोबाइलवर वापरतो त्या युनिकोडमधली देवनागरीही इस्कीच्याच मांडणीवर आधारलेली आहे. त्यामुळे इस्कीतला मजकूर सरळ नियमाने युनिकोडमध्ये आणता येतो.

याउलट ज्यांनी खासगी फाँटमध्ये मराठी टाइप केलं, त्यांच्या जुन्या फाइली तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. अनेक दवाखान्यांची जुनी डिस्चार्ज कार्डं आणि पथ्याचे कागद असेच अडकून पडले आहेत.

डायकॉम आणि इस्की यांचा धडा एकच आहे. यंत्र मरतं, विंडोज बदलते. माहिती सगळ्यांना ठाऊक असलेल्या भाषेत लिहिली असेल तर ती टिकते.

"नवी विंडोज टाकून का घेत नाही?"

हा पुढचा स्वाभाविक प्रश्न. घरच्या कॉम्प्युटरवर मुलगा दोन तासांत नवी विंडोज टाकतो, मग दवाखान्याला काय अडचण? याचं उत्तर एका दुःखद प्रकरणात आहे.

कॅनडात बनलेलं 'थेरॅक-२५' हे कर्करोगावर किरणोपचार करणारं यंत्र. त्याच्या आधीच्या 'थेरॅक-२०' मध्ये चुकीचा मारा होऊ नये म्हणून स्वतंत्र विद्युत अडसर होते. नव्या यंत्रात हे अडसर काढून ती जबाबदारी प्रोग्रॅमवर टाकली गेली, आणि प्रोग्रॅमचे काही भाग जुन्या यंत्रांतून तसेच घेतले होते. त्या प्रोग्रॅममध्ये दोष होता. ऑपरेटरने नोंद फार भराभर दुरुस्त केली, की यंत्राचा गोंधळ होई. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी पट किरण मिळाले. त्यांतल्या काहींचा जीव गेला. नंतर कळलं, की यातला एक दोष जुन्या थेरॅक-२० मध्येही होता. तिथे अडसरामुळे फक्त फ्यूज उडत होता, माणूस वाचत होता.

या प्रकरणानंतर वैद्यकीय यंत्राचा प्रोग्रॅम हा यंत्राचाच भाग मानून तपासायला हवा, हे जगाच्या लक्षात आलं. भारतातही अशा सॉफ्टवेअरला कायद्याने वैद्यकीय उपकरण मानलं जातं. म्हणून विंडोज बदलायची असेल, तर यंत्र बनवणाऱ्या कंपनीला ते सगळं पुन्हा तपासून "चालेल" असं लेखी द्यावं लागतं. जुन्या मॉडेलसाठी हा खर्च करायला कंपन्या सहसा तयार नसतात. आणि त्यांच्या परवानगीवाचून डॉक्टरने किंवा कॉम्प्युटरवाल्याने परस्पर नवी विंडोज टाकणं हे रुग्णाच्या दृष्टीने धोक्याचं आहे. यंत्र सुरू होईलही, पण त्यावर दिसणारं माप खरं आहे याची खात्री कोण देणार?

काय काय तुटत गेलं

विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात प्रोग्रॅम थेट पोर्टशी बोलत. २५ ऑक्टोबर २००१ ला एक्सपी आली. तिच्यात प्रोग्रॅमला परस्पर पोर्टला हात लावायला मनाई झाली, मधे ड्रायव्हर लागू लागला. प्रिंटरच्या पोर्टला सॉफ्टवेअरची चावी, म्हणजे डोंगल, लावून चालणारे कितीतरी जुने प्रोग्रॅम तिथे अडले.

२००७ मध्ये व्हिस्टा आली. तिच्या ६४ बिटच्या आवृत्तीने सही नसलेले ड्रायव्हर नाकारले. ६४ बिटच्या विंडोजवर जुने १६ बिटचे प्रोग्रॅमही चालत नाहीत. मधल्या काळात संगणकांवरून जुनी पोर्टं आणि खाचा नाहीशा झाल्या. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने तर ठरावीक पिढीच्या आधीचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसलेले संगणक दारातच अडवले.

या पडझडीत एक जुनं पोर्ट अजून टिकून आहे. आरएस-२३२ नावाचं हे सीरियल पोर्ट १९६० च्या दशकापासूनचं. तालुक्याच्या गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तपेशी मोजणारा सेल काउंटर याच पोर्टमधून आपले आकडे संगणकाला देतो. आजच्या लॅपटॉपला हे पोर्ट नसतं, तरी यूएसबीला लावायची छोटी तार बाजारात सहज मिळते आणि काम चालतं. कारण तेच: या पोर्टची भाषा कोण्या एका कंपनीची नाही.

२०१७ चा मे महिना

"मग चालतंय तोवर जुनंच चालू द्या" हा विचारही धोक्याचा आहे. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. त्यानंतर तीन वर्षांनी, १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला. फाइली कुलूपबंद करायच्या आणि सोडवण्यासाठी पैसे मागायचे, असं त्याचं काम. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८० रुग्णालय-संस्थांना त्याची झळ बसली. रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्याचा अंदाज नंतर काढला गेला, त्यांत शस्त्रक्रियाही होत्या. पाच ठिकाणी तातडीच्या रुग्णांना दुसरीकडे वळवावं लागलं.

चौकशीत एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. लागण झालेले बहुतेक संगणक एक्सपीचे नव्हते, विंडोज ७ चे होते. त्या विंडोजला तेव्हा सपोर्ट होता आणि दुरुस्तीचा अपडेट दोन महिने आधीच, मार्च २०१७ मध्ये आला होता. तो टाकलाच नव्हता. म्हणजे दोष फक्त वयाचा नव्हता, निगराणीचा होता. लस उपलब्ध असून न घेण्यासारखाच हा प्रकार.

हे दूरदेशी घडलं म्हणून निश्चिंत राहण्याचं कारण नाही. त्याच वर्षी २७ जूनला पसरलेल्या अशाच हल्ल्यात आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या रुग्णालयांपैकी एकाला बरेच दिवस केसपेपरपासून रिपोर्टपर्यंत सगळं हाताने लिहावं लागलं.

आपल्याकडे जुनी यंत्रं कशी चालवली जातात?

अहिल्यानगर, म्हणजे आपला नगर जिल्हा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. तालुके चौदा. अकोल्याहून नगर शंभराहून अधिक किलोमीटर, जामखेडहून सुमारे पाऊणशे. तालुक्याच्या गावातलं एक यंत्र बंद पडलं, की त्याचा अर्थ गरोदर बाईने किंवा छातीत दुखणाऱ्या माणसाने एसटीने अर्धा दिवस प्रवास करायचा असा होतो. "जुनं झालं, टाकून द्या" हे मोठ्या शहरात सोपं आहे. इथे आधी दुरुस्तीचा विचार करावा लागतो. त्याचे तीन रस्ते आहेत.

पहिला: डोळा बदलायचा, शरीर ठेवायचं. एक्स-रेच्या बाबतीत हे फार यशस्वी झालं. १९८३ मध्ये जपानच्या फुजी कंपनीने फिल्मऐवजी वापरायची एक खास प्लेट बाजारात आणली. एक्स-रे काढल्यावर ही प्लेट लेझरने वाचली जाते आणि चित्र संगणकात येतं. या पद्धतीला सीआर म्हणतात. जुन्या एक्स-रे यंत्राला काही बदललं आहे याचा पत्ताही नसतो. ते पूर्वीसारखेच किरण सोडतं. लहान गावांतले असंख्य एक्स-रे याच वाटेने डिजिटल झाले.

यात एक सावधगिरी हवी. फिल्मच्या काळात किरण जास्त झाले की चित्र काळं पडे आणि चूक लगेच दिसे. संगणक मात्र चित्र आपोआप सुधारून दाखवतो. त्यामुळे नकळत जास्त किरण देण्याची सवय लागू शकते. म्हणून तंत्रज्ञाने चित्रासोबत येणारा एक्स्पोजरचा आकडा पाहायलाच हवा.

दुसरा: बाहेर पडणारं चित्र पकडायचं. जुन्या सोनोग्राफी यंत्राला डायकॉम येत नसलं, तरी पडद्याला चित्र पाठवणारी व्हिडिओची जागा असते. तिथे तार लावून नव्या संगणकात चित्र साठवता येतं. यंत्राच्या आत हात घालावा लागत नाही. सोनोग्राफी यंत्राला नवी जोड देण्याचा महाराष्ट्रातला गाजलेला प्रयोग कोल्हापूरचा. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात तिथल्या यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे नोंद ठेवणारं उपकरण बसवलं गेलं. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने त्याला न्यायालयात आव्हान दिलं, आणि ऑगस्ट २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला.

तिसरा: यंत्राला वेगळ्या खोलीत ठेवायचं. म्हणजे जुन्या विंडोजवर चालणारं यंत्र इंटरनेटपासून पूर्ण तोडायचं. साथीच्या रोगात आपण विलगीकरण करतो तसंच. त्यावर ईमेल नाही, गाणी नाहीत, कोणाचाही पेनड्राइव्ह नाही. चित्रं बाहेर काढायची ती एकाच ठरलेल्या वाटेने, मधे पहारेकरी संगणक ठेवून. ही व्यवस्था शिस्तीने पाळली, तर जुनं यंत्र सुरक्षितपणे बरीच वर्षं काम करतं.

पडद्यावर विंडोज १० दिसली म्हणजे ती घरच्यासारखीच आहे, असंही नसतं. यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्ट वेगळी, दीर्घ मुदतीची आवृत्ती देते. विंडोज १० च्या अशा एका आवृत्तीला जानेवारी २०३२ पर्यंत सपोर्ट आहे. वरून दोन्ही सारख्याच दिसतात.

कुठे थांबायचं?

जुनं यंत्र चालवणं आणि खराब यंत्र चालवणं यांत फरक आहे. एक्स-रे आणि सीटी यंत्रांसाठी मुंबईतल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो आणि दर दोन वर्षांनी गुणवत्ता तपासणी करून घ्यावी लागते. किरण योग्य प्रमाणात आणि योग्य जागी पडतात का, हे त्यात मोजलं जातं. या तपासणीत नापास झालेलं यंत्र नव्याकोऱ्या विंडोजवर चालत असलं तरी वापरू नये. पास झालेलं यंत्र जुन्या विंडोजवर चालत असलं तरी त्याचं चित्र विश्वासार्ह असतं.

सोनोग्राफी यंत्राचं आणखी एक बंधन आहे. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार प्रत्येक यंत्राची नोंदणी असते. ते बदलायचं तर संबंधित अधिकाऱ्यांना आधी कळवावं लागतं. त्यामुळे जुनं यंत्र "भंगारात देऊन नवं आणलं" इतकं ते सोपं नसतं.

यंत्राचे सुटे भाग मिळत नसतील, माप दर वेळी वेगळं येत असेल, मधेच बंद पडून तपासणी पुन्हा करावी लागत असेल, तर ते यंत्र निवृत्त करण्याची वेळ आली आहे. विशेषतः सीटीसारख्या तपासणीत पुन्हा स्कॅन म्हणजे पुन्हा किरण.

रुग्णांनी काय करावं?

समजा, आज तुमच्या छातीच्या सीटीत फुप्फुसात एक छोटी घट्ट गाठ दिसली. दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्ये ती तेवढीच होती, असं दाखवता आलं, तर बहुतेक वेळा काळजीचं कारण उरत नाही. जुनं चित्र नसेल, तर पुन्हा पुन्हा स्कॅन, कधी सुई घालून तपासणी आणि कित्येक महिने जिवाला घोर. जुनी चित्रं जपण्याचं महत्त्व हे आहे. त्यासाठी काही साध्या गोष्टी:

१. सीडी उघडत नाही म्हणून फेकू नका. सीटी-एमआरआयच्या सीडीवर दोन गोष्टी असतात: चित्रं आणि ती दाखवणारा छोटा प्रोग्रॅम. तो प्रोग्रॅम जुन्या विंडोजसाठी लिहिलेला असला की नव्या संगणकावर चालत नाही, आणि लोक समजतात सीडी खराब झाली. आतल्या डायकॉम फाइली बहुधा शाबूत असतात. रेडिओलॉजिस्टकडच्या कोणत्याही डायकॉम व्ह्यूअरमध्ये त्या उघडतात.

२. सीडीची प्रत आजच काढा. नव्या लॅपटॉपला सीडीची खाच नसते आणि सीडीही कालांतराने खराब होते. सीडीवरचं संपूर्ण फोल्डर, त्यातलं काही न वगळता, पेनड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी उतरवून ठेवा.

३. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरेसा नाही. तो व्हॉट्सॲपवर पाठवायला बरा. तुलना करायची तर मूळ डायकॉम फाइल किंवा मूळ फिल्म लागते. फिल्म ओल आणि उन्हापासून दूर, सपाट ठेवा. पत्र्याच्या घरात भिंतीला टांगू नका.

४. ईसीजी आणि सोनोग्राफीच्या चकचकीत कागदाची झेरॉक्स काढा. तो कागद उष्णतेने छापला जातो आणि काही वर्षांत पुसट होतो. झेरॉक्सवर तारीख आणि नाव लिहा.

५. विंडोज विचारू नका, तपासणी विचारा. "यंत्राची गुणवत्ता तपासणी झाली आहे का?" आणि "मला चित्रं डायकॉममध्ये मिळतील का?" हे दोन प्रश्न जास्त उपयोगाचे आहेत. ते विचारण्यात संकोच करू नका.

६. दवाखान्याच्या संगणकाला स्वतःचा पेनड्राइव्ह लावायचा आग्रह धरू नका. एखाद्या ठिकाणी नकार मिळाला, तर तो उद्धटपणा नसून तुमच्याच माहितीचं रक्षण असतं.

जुनं यंत्र नव्या विंडोजशी जुळवण्याची खटपट डॉक्टर, तंत्रज्ञ आणि सर्व्हिस इंजिनिअर करतच राहतील. विंडोज ११ चीही मुदत कधीतरी संपेल आणि हीच चर्चा पुन्हा होईल. तोवर तुमच्या कपाटातली जुनी सीडी शोधून तिची प्रत काढून ठेवा, आणि पुढच्या वेळी दवाखान्यात येताना जुने रिपोर्ट सोबत आणा.